पन्नास बॉल पुरे

गोल्फविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या पानावर उत्तरं देतो. पत्रं लांब होती, ती आटोपशीर करून घेतली आहेत. दोघांनी नाव छापू नका असं कळवलं, म्हणून मग कुणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न : माझं वय ५२. राहायला ठाण्याला, नोकरी बीकेसीत. ऑफिसच्या एका स्पर्धेमुळे गोल्फची गोडी लागली. दर शनिवारी सकाळी रेंजवर, म्हणजे गोल्फच्या सरावाच्या मैदानावर जातो, शंभर बॉलची टोपली घेतो आणि बहुतेक ड्रायव्हर हा लांब मारायचा क्लबच वापरतो, कारण कोर्सवर, खऱ्या खेळात, तोच दगा देतो. पहिले वीसेक बॉल बरे जातात. मग प्रत्येक बॉल उजवीकडे वळत थेट जाळीत. जितका जोर लावावा तितका जास्त वळतो. शेजारच्या मॅटवरचे लोक ‘रिलॅक्स, रिलॅक्स’ म्हणतात, आणि रिलॅक्स व्हायला गेलो की मी आणखीच आखडतो. घरी येईपर्यंत मनगटं आणि उजव्या कोपराची आतली बाजू ठणकत असते. बायको विचारते, “हा विरंगुळा आहे की शिक्षा?” काय करू?

उत्तर : वहिनींचा प्रश्न तुमच्या प्रश्नापेक्षा नेमका आहे. सध्या तरी ही शिक्षाच आहे, आणि ती तुम्ही पैसे मोजून घेताय.

आधी त्या ‘रिलॅक्स’चं बघू. मी चेंबूरचा. पोरवयात बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबवर, १९२७ सालचा क्लब हा, खांद्यावर साहेब लोकांच्या बॅगा वाहिल्या. तिथल्या जुन्या कॅडींपैकी एकानेही कुठल्या साहेबाला “अंग सैल सोडा” म्हटलेलं मला आठवत नाही. साहेब तापलाय, मागचा बॉल झाडीत गेलाय, आता पुढचा दात-ओठ खाऊन मारणार असं दिसलं की ते एकच करायचे. मागितलेला क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी, लगेच हातात द्यायचे नाहीत. टॉवेल काढायचा, क्लबचं तोंड पुसायचं, खाचांत अडकलेली माती टीच्या (बॉल ठेवायच्या खुंटीच्या) टोकाने उकरायची, चिमूटभर गवत उडवून वारा बघायचा. मग क्लब पुढे करत म्हणायचं, “त्या वाळलेल्या फांदीवर मारा साहेब.” तेवढ्या वेळात साहेबांचे कानापर्यंत चढलेले खांदे खाली आलेले असायचे. साहेबांना वाटायचं, कॅडी जरा मंद आहे.

तुम्हाला जे सांगायचंय ते यातच आलं. सैल हो म्हटल्याने कुणी सैल होत नाही, उलट अंग स्वतःवर पहारा ठेवायला लागतं. सैलपणा येईल अशी व्यवस्था लावावी लागते. रेंजवर नेमकी याच्या उलट व्यवस्था असते. टोपली पायाशी, क्लबनेच बॉल ओढायचा, मारायचा, तो पडायच्या आत दुसरा ओढायचा. अठरा होलच्या, म्हणजे बॉल भोकात घालायच्या अठरा टप्प्यांच्या कोर्सवर ड्रायव्हर साधारण चौदा होलांवर बाहेर निघतो, तोही चार-साडेचार तासांत. तुम्ही पाऊण-एक तासात शंभरातले बहुतेक बॉल ड्रायव्हरने मारता. पहिल्या विसांनंतर बिघडतं यात नवल नाही. वीस ठीक जातात याचंच मला कौतुक वाटतं.

आता उजवीकडे वळण्याचं. जोर कमी पडतो म्हणून बॉल वळत नाही. बॉलला लागतानाच्या क्षणी क्लबचं तोंड एकीकडे बघत असतं आणि क्लब दुसऱ्याच वाटेने चाललेला असतो. त्या वाटेच्या मानाने तोंड उजवीकडे उघडं राहिलं की बॉल उजवीकडे वळतो. याला आपण स्लाइस म्हणतो. क्लब आणि बॉलचा स्पर्श सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो, तेव्हा त्या क्षणी काही दुरुस्त करता येणं शक्य नाही. जे व्हायचं ते आधीच ठरून गेलेलं असतं, आणि बरंचसं तुमच्या पंजांत ठरतं. ग्रिप, म्हणजे क्लबवरची पकड, आवळली की हाताचा कोपरापर्यंतचा भाग ताठ होतो. ताठ हातात मनगट वळत नाही, मनगट वळलं नाही की तोंड मिटत नाही. त्यात जोर काढायला उजवा खांदा सगळ्यांच्या आधी पुढे धावतो, त्यामुळे क्लब बाहेरून आत, बॉलला कापत येतो. दोन्ही एकदम झालं की तुमची ती जाळी.

आणि तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी सांगतो : बॉल उजवीकडे जातो म्हणून तुम्ही हळूहळू डावीकडे तोंड करून उभे राहायला लागला असणार. सगळेच तसं करतात. त्याने क्लब आणखी आडवा कापत येतो आणि स्लाइस वाढतो. मॅटवर बोटांच्या पुढे एक क्लब आडवा ठेवून बघा, पाय कुठे रोखलेत ते कळेल.

ड्रायव्हर दगा देतो म्हणता, पण तो फक्त चुगली करतो. ड्रायव्हरचं तोंड दहा-अकरा अंशांचं, जवळजवळ उभं. नऊ नंबरच्या आयर्नचं (हा लोखंडी तोंडाचा आखूड क्लब) चाळिशीच्या आसपास. जास्त तिरक्या तोंडाने बॉलला मागच्या बाजूची फिरकी भरपूर मिळते, त्यात आडवं वळण झाकलं जातं. ड्रायव्हर काहीच झाकत नाही. दोष दोन्हींत तोच असतो. म्हणून तो दुरुस्त करायचा नऊ नंबरवर आणि तपासायचा ड्रायव्हरवर.

पुढच्या वेळी रेंजवर गेलात की पन्नास बॉल घ्या. अर्धी टोपली देत नसतील तर शंभर घ्या आणि पन्नास शेजारच्या त्या रिलॅक्सवाल्यांना देऊन टाका. टोपली मॅटपाशी ठेवायची नाही. मागे बाकावर ठेवायची आणि प्रत्येक बॉल हाताने आणायचा. जाणं-येणं, वाकून बॉल ठेवणं, एवढाच तुमचा कॅडी. बॉल ठेवल्यावर त्याच्या मागे उभं राहून एक जागा निवडायची. नुसतं “समोर” नाही. दीडशे यार्डांची पाटी, पिवळा झेंडा, जाळीचा डावीकडून तिसरा खांब, असं काहीतरी. मग बॉलपाशी यायचं, तोंडाने लांब श्वास सोडायचा आणि तो संपता संपता क्लब मागे न्यायला सुरुवात करायची. बॉलवर ओणवं होऊन थिजून उभं राहायचं नाही. पंजे जरा हलत राहू द्या, पाय जागेवर चाळवा. थांबलेलं अंग आखडतंच.

पहिले दहा बॉल नऊ नंबरने, पाय जुळवून, कमरेपासून कमरेपर्यंतच. पाय जुळवलेले असताना जोर लावला की तोल जातो, तेव्हा अंग आपणहून बेताने वागतं. बाहेरून कुणी ओरडावं लागत नाही. हे बॉल सत्तर-ऐंशी यार्डच जातील. लाज वाटू देऊ नका. शेजारी कोण काय मारतंय ते बघायचं असेल तर बाकावर बसून बघा.

त्यानंतर सात नंबरने पुरा स्विंग, म्हणजे क्लबचा पूर्ण झोका, पण ताल धरून. बॅकस्विंगला, म्हणजे क्लब मागे वर न्यायला, जितका वेळ लागतो त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळ क्लब खाली यायला लागतो. चांगल्या खेळाडूंमध्ये कुणी एकंदरीत झपझप मारतो, कुणी निवांत, पण हे तीनास एक प्रमाण बऱ्यापैकी कायम राहतं. परदेशी कोच त्यासाठी टिकटिक करणारं यंत्र लावतात. मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना ‘ज्ञानबा तुकाराम’ म्हणायला लावतो. ज्ञान-बा-तुका एवढ्यात क्लब वर, ‘राम’ला बॉल. मनातल्या मनात, वारीत म्हणतात त्या चालीत. एका मारवाडी गृहस्थांनी मला विचारलं, आमचं काही चालेल का? चालेल की, चार ठोके असले म्हणजे झालं. घाई करणाऱ्याचा ‘तुका’ गिळला जातो, हे त्याचं त्यालाच ऐकू येतं. तुमचा गिळला जात असणार.

जोर किती? तुमच्या पूर्ण जोराच्या साठ टक्के. मारून झाल्यावर छाती समोर, वजन डाव्या पायावर, आणि बॉल जमिनीला लागेपर्यंत तसंच उभं राहायचं. उभं राहता आलं नाही तर साठ टक्के नव्हते. तुम्हाला वाटेल अंतर निम्म्यावर येईल. तसं होत नाही. क्लबच्या मध्यावर बसलेला बेताचा बॉल टोकाला लागलेल्या जोरकस बॉलच्या फार मागे पडत नाही, पुष्कळदा पुढेच जातो. हे माझं ऐकून पटणार नाही, दहा बॉलांत पटेल.

शेवटचे पंधरा-वीस बॉल कोर्स डोळ्यांसमोर आणून खेळायचे. तुम्ही खारघरला खेळत असाल तर तिथला पहिला होल आठवा. आधी ड्रायव्हर, मग जिथे पडला असेल त्या हिशेबाने आयर्न, मग वेज, म्हणजे जवळून बॉल उंच उडवायचा क्लब. मग पुढचा होल. लागोपाठ दोन बॉल एका क्लबने मारायचे नाहीत. अशाने बॉल वाईट जातील, आणि टोपली संपताना ‘आज जमलं’ असं वाटणार नाही. तरी हेच करा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मानसशास्त्राच्या एका प्राध्यापकबाईंनी मला याचं कारण सांगितलं. १९७९ साली शे आणि मॉर्गन या संशोधकांनी काही जणांना हातात टेनिसचा बॉल घेऊन लाकडी अडथळे ठरावीक क्रमाने पाडायला शिकवलं. काहींनी एकच क्रम घोटून मग दुसरा घेतला, काहींनी सगळे क्रम आलटून पालटून केले. सरावाच्या वेळी घोटणारे पुढे होते. दहा दिवसांनी पुन्हा करायला लावलं तेव्हा आलटून पालटून करणारे पुढे निघाले. रेंजवर जमतं आणि कोर्सवर जात नाही अशी तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला मी आता हे सांगतो.

त्याच बाईंकडून कळलेलं दुसरंही तुमच्या कामाचं आहे. १९९९ मध्ये गॅब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवशिक्यांना गोल्फचा छोटा फटका शिकवला. अर्ध्यांना सांगितलं, हातांच्या झोक्याकडे लक्ष ठेवा, अर्ध्यांना सांगितलं, क्लबच्या झोक्याकडे. क्लबकडे लक्ष ठेवणाऱ्यांचे बॉल लक्ष्याच्या जास्त जवळ पडले. म्हणून खांदा, कोपर, कंबर, डोकं यांची उजळणी बॉलवर उभं राहून करायची नाही. ती करायची तर बाकावर. मॅटवर फक्त क्लब आणि तो खांब.

दोन गोष्टी रेंजच्याच. मॅट खोटं बोलते. क्लब बॉलच्या दोन इंच मागे आपटला तरी रबरावरून घसरून बॉलपर्यंत पोचतो आणि बॉल बरा जातो. तोच फटका गवतात मारला की ढेकूळ लांब आणि बॉल जवळ. छोटा टॉवेल घडी करून बॉलच्या मागे वीतभर अंतरावर ठेवा. टॉवेल हलला की समजा. आणि रेंजचे बॉल टणक, हजारदा मार खाऊन झिजलेले असतात, ते कमी जातात. त्यावरून कुठल्या क्लबने किती यार्ड याची वही करू नका.

कोपराचं शेवटी लिहितोय, पण करायचं पहिलं. आतल्या बाजूचं हे दुखणं ओळखीचं आहे, त्याला ‘गोल्फर्स एल्बो’ असंच नाव आहे. घट्ट पकड आणि कडक मॅट दोन्ही त्याला खतपाणी घालतात. दुखणं पूर्ण थांबेपर्यंत रेंज बंद. दोन-तीन आठवड्यांत थांबलं नाही तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. त्या काळात पटिंग, म्हणजे बॉल जमिनीवरून हळूच भोकात घालायचा सराव करा, वहिनींनाही घेऊन जा.

प्रश्न : मी घाटकोपरला राहते, वय ४१. नवऱ्यामुळे गोल्फ सुरू केला. ते म्हणतात ग्रिप हलकी धर. हलकी धरली की क्लब हातात फिरतो, एकदा तर सुटून पुढेच गेला! मुंबईच्या घामात हलकं धरायचं तरी कसं?

उत्तर : ताई, आधी एक आगाऊ सल्ला. रेंजवर नवऱ्याच्या शेजारची मॅट घेऊ नका. दोन मॅट सोडून उभ्या राहा. हे मी कितीतरी जोडप्यांना सांगितलंय आणि अजून कुणी परत येऊन भांडलेलं नाही.

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. हलकं धरा म्हणणारे बहुधा अर्धंच सांगतात. क्लब तळहातात धरला असेल तर तो हलका धरताच येत नाही, फिरणारच. तो बोटांत धरायचा. डावा हात सरळ खाली सोडा, बोटं जशी आपोआप मिटतात तशी मिटू द्या आणि त्या बोटांच्या मुळाशी क्लबची रबरी मूठ (तिलाही ग्रिपच म्हणतात) तिरकी टेकवा. करंगळीच्या मुळापासून पहिल्या बोटाच्या मधल्या पेरापर्यंत. मग तळव्याचा मांसल भाग वरून टेकतो. आता शेवटच्या तीन बोटांनी धरलं की पुरे, अंगठा आणि पहिलं बोट नुसतं सोबतीला.

किती घट्ट, हे क्लबच सांगतो. क्लब समोर सरळ उभा धरा, तोंड आकाशाकडे. वजन जवळजवळ लागत नाही, हात ढिले होतात. तसेच ढिले हात ठेवून तो सावकाश आडवा करा. एका टप्प्यावर वजन जाणवतं आणि बोटं आपणहून थोडी आवळतात. तेवढंच. त्याहून जास्त नाही. प्रत्येक बॉलआधी हे एकदा करा, त्यात वेळही जातो आणि तो गेलेला चांगला.

घामाचं म्हणाल तर निम्मा दोष घामाचा, निम्मा मळलेल्या ग्रिपचा. घाम, हाताचं तेल, धूळ यांचा थर बसून रबर गुळगुळीत होतं. भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकलेल्या कोमट पाण्याने, जुन्या दात घासायच्या ब्रशने सगळ्या ग्रिप घासा, पुसा, सावलीत वाळवा. महिन्यातून एकदा केलंत तरी फरक हाताला कळेल. तरीही गुळगुळीत वाटल्या तर नव्या बसवून घ्या. ग्लोव्ह डाव्या हाताचा, दोन ठेवा, दहा बॉलांनी बदला. काढलेला ग्लोव्ह चुरगळून बॅगेत कोंबू नका, बॅगेच्या बाहेर लटकवा. आणि एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर रेंजवर जायचं कारण मला तरी दिसत नाही.

प्रश्न : मुलगा १२ वर्षांचा, शिवाजी पार्कला नेट्सना जातो, डावखुरा फलंदाज. सुटीत मामाबरोबर गोल्फ रेंजवर गेला आणि त्याला फार आवडलं. क्रिकेटचे सर म्हणतात गोल्फने बॅटिंग बिघडेल. खरं आहे का? त्यात काही भवितव्य आहे का?

उत्तर : सरांची भीती निराधार नाही, पण या वयात मी तिला फार किंमत देणार नाही. सरळ बॅटने खेळताना पुढचं कोपर उंच राहतं आणि बॅटचं तोंड शक्य तितका वेळ गोलंदाजाकडे ठेवायचं असतं. गोल्फमध्ये तोंड उघडतं, मिटतं, आणि ते मिटू द्यायचं असतं. म्हणून नेट्समधून थेट रेंजवर आलेली मुलं हमखास स्लाइस मारतात. क्रिकेटमध्ये बॉलकडे पाऊल टाकून जायचं, इथे बॉलपाशी जागेवर राहून वळायचं. बारा वर्षांच्या मुलाचं अंग या दोन भाषा वेगळ्या ठेवू शकतं, चाळिशीतल्या माणसाला जड जातं. सामन्याच्या आठवड्यात गोल्फ नको आणि एकाच दिवशी दोन्ही नको, एवढं पाळा.

डावखुरा आहे म्हणता. त्याला डाव्या हाताचे क्लब द्यायचे की उजव्या, हे त्याच्यावर सोडा. दोन्ही देऊन बघा. डावे क्लब इथे शोधावे लागतात, तेवढी अडचण.

क्रिकेटपेक्षा गोल्फ अवघड आहे तो एकाच बाबतीत : बॉल थांबलेला असतो. येणाऱ्या बॉलला मुलगा विचार न करता खेळतो. थांबलेल्या बॉलपाशी त्याला विचार करायला वेळ मिळतो आणि तिथेच अंग आखडतं. म्हणून त्याला तंत्र शिकवायची घाई करू नका. वीस-पंचवीस बॉल, एक पाटी, पाटीला लागला की वडापाव. मुलांच्या पाठीच्या दृष्टीनेही एकाच बाजूचे शंभर शंभर झोके बरे नाहीत.

भवितव्याचं मी काय सांगू? पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला, आणि त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या अदिती अशोकचं पदक थोडक्यात हुकलं, ती चौथी आली. रस्ता आहे. पण बाराव्या वर्षी तो बापाने मोजत बसू नये.

प्रश्न : डोंबिवलीला वन रूम किचन. पावसाळ्यात रेंजवर जाणं होत नाही, चार महिन्यांत सगळं विसरतो. घरी काय करता येईल?

उत्तर : सर्वात आधी पंखा. घरात पूर्ण क्लब फिरवायचा नाही, ना दिवाणखान्यात, ना गॅलरीत. फिरवलात तर पंखा, ट्यूबलाइट किंवा मागून चहा घेऊन येणारं माणूस, यांतलं एक ठरलेलं.

पटिंगला मात्र मुंबईचं घर झकास. फरशीचा सांधा सरळ असतो, त्यावर बॉल ठेवून सांध्यावरूनच न्यायचा. समोर स्टीलचा पेला आडवा ठेवा. होल १०८ मिलीमीटरचा, बॉल जेमतेम ४३ चा, आणि पेल्याचं तोंड सात-आठ सेंटिमीटरचं. चार महिने पेल्यात घातलेत तर ऑक्टोबरात होल ऐसपैस वाटेल. जुन्या इमारतीत असाल तर आधी बॉल नुसता सोडून बघा. आमच्या चाळीतली सगळी जमीन मोरीकडे उतरती होती, तिथे मी जन्मात सरळ पट मारला नसता.

स्विंगसाठी कपाटाच्या आरशासमोर, क्लबऐवजी वर्तमानपत्राची सुरळी घेऊन, सावकाश. अगदी सावकाश, म्हणजे वर जाऊन खाली यायला दहा सेकंद. हळू केल्यावर अंग कुठे अडतं ते कळतं. तिथेच श्वास सोडायचा. रोज पाच मिनिटं पुष्कळ झाली. विसरतो म्हणता, पण चार महिन्यांच्या विश्रांतीने तुमच्या बऱ्याच वाईट सवयीही गेलेल्या असतात. ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी ड्रायव्हर घरी ठेवून जा म्हणजे त्या परत यायच्या नाहीत.

पावसाने उघडीप दिली म्हणून खेळायला गेलात आणि वीज चमकली किंवा गडगडलं, तर डाव तिथेच सोडा आणि पक्क्या इमारतीत जा. मोकळं मैदान, हातात धातूचा दांडा, त्यात झाडाखाली थांबायची आपली सवय. पत्र्याच्या शेडवर किंवा छत्रीवर भरवसा ठेवू नका.

प्रश्न : मी २६ वर्षांचा, कळंबोलीला राहतो. शिकायची इच्छा आहे, पण क्लबांचे सेट लाखाच्या घरात दिसतात आणि मेंबरशिपचं तर नावच नको. हा आपला खेळ नव्हे असं समजून सोडून द्यावं का?

उत्तर : चेंबूरच्या वस्तीत कॅडींची पोरं लोखंडी सळई वाकवून क्लब करतात, प्लास्टिकचा बॉल घेतात आणि गल्लीत, पत्र्यांवर, गटारापलीकडे गोल्फ खेळतात. त्यांच्यावर फिल्मासुद्धा निघाल्या. तुम्ही कळंबोलीला राहता म्हणजे सिडकोचं खारघर व्हॅली गोल्फ कोर्स तुमच्या उंबऱ्यावर आहे. ते सार्वजनिक आहे, पैसे भरून कुणीही खेळावं. डोंगर मागे, सकाळी हवा चांगली. आधी फोन करून वेळ आणि दर विचारून घ्या, ते बदलत असतात.

सेट घेऊ नका. नियमाने बॅगेत जास्तीत जास्त चौदा क्लब चालतात, पण चौदा असायलाच हवेत असं कुठे लिहिलेलं नाही. जुने वापरलेले तीन घ्या : सात नंबरचं आयर्न, एक वेज आणि पटिंगसाठी पटर. पहिलं वर्षभर हे पुरतात. रेंजवर भाड्यानेही क्लब मिळतात, आधी ते वापरून बघा. आयर्न आणि वेज कुठूनही आणले तरी चालतील, फक्त दांडा वाकलेला नाही आणि मानेपाशी डोकं हलत नाही एवढं पाहा. ग्रिप खराब असेल तर घासाघीस करा, ती बदलता येते. पटर मात्र फोनवर बघून मागवू नका. दुकानात जाऊन हातात घ्या, बॉलवर ओणवे उभे राहा, आणि खाली बघितल्यावर जो सरळ दिसेल तो घ्या, मग तो कितीही जुना असो.